नऊ याद्या आणि मुरंब्याची कृती

१

शनिवारी सकाळी आठ वाजता दाग्नीबाई माझ्या टपालघरात शिरल्या, तेव्हा त्यांच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्या पायात घरात घालायचा लोकरी मोजा.

"मारेन, गेल्या!"

मी हातातला शिक्का खाली ठेवला. "कोण गेल्या?" आमच्या बेटावर तेव्हा दोन म्हाताऱ्या अंथरुणाला खिळून होत्या, म्हणून माझ्या मनात नको तेच आलं.

"सह्या गं! सगळ्याच्या सगळ्या. नऊच्या नऊ याद्या. डबा आहे, कपाट आहे, किल्ली आहे. सह्या नाहीत!"

दाग्नीबाई तेर्नहोल्मच्या शाळेत शिकवायच्या. वय बत्तीस, आवाज असा की बंदरावरून हाक मारली तर समोरच्या बेटावरची मेंढरं मान वर करायची. त्या दिवशी मात्र तो आवाज पार बसला होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, साऱ्या नॉर्वेत मतदान होतं. स्वीडनपासून वेगळं व्हायचं की नाही, एवढाच प्रश्न. बायकांनीही विचारलं होतं, आम्हीही या देशात राहतो, आम्हालाही मत देऊ द्या. वरून उत्तर आलं, नाही. पुरुषांनी दिलेलं पुरे आहे. मग राजधानीतल्या बायका म्हणाल्या, मतपेटी देत नाही ना, ठीक आहे, आम्ही कागदावर सांगतो. आणि देशभर सह्या गोळा व्हायला लागल्या.

आमच्या बेटाच्या वाट्याचं काम दाग्नीबाईंनी अंगावर घेतलं. बारा दिवस त्या होडी वल्हवत हिंडल्या. गवत कापणाऱ्या बायकांकडे बांधावर गेल्या, मासे वाळत घालणाऱ्यांकडे खडकांवर गेल्या. दोनशे बारा सह्या झाल्या. आमच्या एवढ्याशा बेटावर आणि आसपासच्या खडकांवर मिळून दोनशे बारा! आणि त्या घेऊन जाणारी आगबोट त्या दिवशी दुपारी दोन वाजता येणार होती. त्यानंतरची बोट गुरुवारी. गुरुवारी पाठवल्या असत्या तर राजधानीत पोचेपर्यंत सगळा कारभार आटपलेला असता.

"परत गोळा करू," मी म्हटलं.

"सहा तासांत? अर्ध्या बायका गवताला गेल्यात, मारेन." त्यांनी खुर्चीत बसकण मारली. मग हळूच म्हणाल्या, "आणि ऐक. कपाट फोडलेलं नाही. चोर बाहेरचा नाही."

मी टपालघराला कुलूप लावलं. अठरा वर्षांच्या नोकरीत कामाच्या वेळी लावलेलं ते पहिलंच कुलूप. आम्ही दोघी तडक ओलाउगमावशींकडे निघालो.

२

ओलाउगमावशी आमच्या बेटाची सुईण. वय चौसष्ट. बेटावरच्या निम्म्या लोकांना तिनेच जगात आणलेलं, त्यामुळे कुणी तिच्यासमोर फार ताठ उभं राहायचं नाही. कुणाचं दुखणं खरं आणि कुणाचं खोटं, हे तिला दारातूनच कळायचं. एकदा गाय चोरीला गेली तेव्हा आणि एकदा दोन मुलींना एकाच मुलाची पत्रं आली तेव्हा, तिनेच उलगडा केला होता. पोलीस होता, पण तो पलीकडच्या बेटावर, आणि त्याला होडी लागायची.

मावशी शाळेत आली, डब्याजवळ बसली आणि म्हणाली, "रडायचं नंतर. आधी सांग, यात काय काय होतं?"

दाग्नीबाईंनी नाक पुसलं. "नऊ याद्या. राजधानीहून छापील तक्ते येणार होते, ते आलेच नाहीत, म्हणून मी हातानेच आखल्या, मथळाही हातानेच लिहिला."

"आणखी?"

"राजधानीचं छापील पत्रक. आगबोटीचं वेळापत्रक. गाण्यांचा एक छापील कागद. आणि... कॉफीबरोबर पाव कुणी आणायचा त्या पाळ्यांचा कागद. हो, आणि माझ्या आईची काळ्या मनुकांच्या मुरंब्याची कृती, मारेनला उतरवून द्यायची होती."

मावशीने डबा उपडा केला. पत्रक पडलं, वेळापत्रक पडलं, गाण्यांचा कागद पडला. बस्स.

"मुरंबा गेला?" मावशीने विचारलं.

"गेला."

"पावाच्या पाळ्याही?"

"त्याही."

मावशीच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. हे हसू मला माहीत होतं. बाळ आडवं आहे असं सगळे म्हणत असताना डोकं हाताला लागलं की ती असंच हसायची.

"मावशी, यात हसण्यासारखं काय आहे?" दाग्नीबाई चिडल्याच.

"अगं, बायकांच्या मतावर दात असलेला माणूस याद्या नेईल. तुझ्या आईच्या मुरंब्यावर डोळा असलेली बाई कृती नेईल. दोन्ही नेणारा कोण, ते मला बघायचंय. काल संध्याकाळी इथे कोण कोण आलं?"

दाग्नीबाई शाळेच्या वरच राहायच्या. सहा वाजता बायकांची कॉफी आटपली, डबा कपाटात गेला, किल्ली नेहमीप्रमाणे नकाशामागच्या खिळ्यावर. ती तिथे असते हे शाळेत शिकून गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक. आठ वाजता दाग्नीबाईंनी बाहेरच्या दाराला आतून अडसर घातला. मधल्या दोन तासांत तीनच माणसं आली, कारण मतदान याच खोलीत व्हायचं होतं. चर्चची घंटा वाजवणारे तोबियासकाका मतदारांची यादी ठेवायला आले. दुकानदार ब्रेक्केशेठ मतपेटी घेऊन आले. आणि त्यांच्या पत्नी सेरिनाबाई टोपलीभर फुलं आणि निशाण घेऊन आल्या.

"एकटं कोण होतं आत?"

"प्रत्येकजण थोडा वेळ होता. तोबियासकाका एकटेच आले. ब्रेक्केशेठ आधी पेटी ठेवायला गेले, मग माझ्याशी पायरीवर टेबल कुठे मांडायचं त्यावर भांडत बसले, तेव्हा सेरिनाबाई आत फुलं लावत होत्या."

मी मध्येच म्हटलं, "मावशी, यात शोधायचं काय? ब्रेक्केशेठच! यादी दुकानात ठेवू दे म्हणून दाग्नीबाई गेल्या, तर काय म्हणाले? हा कागद माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. साऱ्या दुकानादेखत!"

"म्हणाला खरा," मावशी उठली. "चल. तोबियास जवळ आहे, त्याच्यापासून सुरुवात करू."

३

तोबियासकाका अंगणात लाकडं फोडत होते. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं शाईने काळी होती. मी मावशीला कोपर मारलं. तिने लक्ष दिलं नाही.

"तोबियास, सह्या गेल्या."

कुऱ्हाड लाकडातच राहिली. काकांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "मी नाही!"

"मी कुठे म्हटलं तू म्हणून?"

"पण म्हणणार होतीस! सगळं बेट म्हणणार. कारण मी बोललो होतो ना... कॉफीच्या वेळी..."

"काय बोलला होतास?"

आतून त्यांची बायको गुरिना खिडकीत आली. "मी सांगते काय बोलले होते! म्हणाले, गुरिना, माझं नाव आजवर राजधानीला गेलं नाही आणि तुझं माझ्याआधी जाणार? मी म्हटलं, तुम्हाला कुणी अडवलंय? झगा घाला आणि करा सही."

तोबियासकाकांनी मान खाली घातली. मावशी इतकी हसली की तिला लाकडाच्या ओंडक्यावर बसावं लागलं.

"बोटं कशाने काळी झाली?" मी विचारलंच.

"मतदारांची यादी! एकशे चार नावं, दोन प्रती. काल दिवसभर लिहीत होतो." काकांनी बोटं पुढे केली. "मारेन, माझं ऐक. मला राग आला होता, खोटं नाही सांगत. पण बायकोचं नाव असलेला कागद मी जाळीन? मी घंटा वाजवतो, पोरी. देवाच्या दारात उभा असतो."

"आणि घरी मी उभी असते," खिडकीतून आवाज आला.

मावशीने उठता उठता सहज विचारलं, "तोबियास, मुरंबा आवडतो का रे?"

"कसला?"

"काळ्या मनुकांचा."

"पोटात जळजळतं त्याने," काका गोंधळून म्हणाले.

वाटेवर मावशी म्हणाली, "हा नव्हे. याला हवी असती तर एकच यादी काढून नेली असती, बायकोचं नाव असलेली. दिवसभर नावं लिहिणाऱ्या माणसाला गुरिनाचं अक्षर ओळखायला किती वेळ?"

"मग ब्रेक्केशेठ?"

"दुकानात जाऊन कॉफीत घालायला थोडी चिकोरी घेऊ," मावशी म्हणाली. "आणि मारेन, आत गेल्यावर तू कमी बोल."

४

ब्रेक्केशेठचं दुकान बंदराला लागून. तेच आगबोटीचे एजंटही होते. त्यांनी खांबावर लाल निशाण चढवलं की बोट धक्क्याला थांबून राही, उतरवलं की निघे. अंगाने आडवे, मिशा पांढऱ्या, आणि आवाज नेहमी चढलेला, जणू समोरचा माणूस होडीत आहे आणि वारा सुटलाय.

"सह्या गेल्या म्हणे!" आम्ही आत शिरायच्या आधीच ते गरजले. "मला विचारायला आलात? विचारा! मी नेल्या नाहीत. आणि त्या गेल्याचं मला दुःखही नाही. दारोदार फिरून बायकांना चारचौघांत सह्या करायला लावायच्या, हे काय? ज्यांना नसेल करायची, त्यांनी काय करावं?"

"नाही म्हणावं," मावशी शांतपणे म्हणाली. "तेरा जणी नाही म्हणाल्या. कुणी त्यांना खाल्लं नाही."

सेरिनाबाई गल्ल्यामागे साबणाच्या वड्या रचत होत्या. साठीच्या आतबाहेर, उंच, अंगावर नेहमी काळं रेशीम आणि गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. लहानपणी त्या पलीकडच्या खडकावरच्या एका कोळ्याच्या घरातल्या सात पोरींपैकी एक होत्या. पण आता त्यांच्याकडे बघून कुणाला ते आठवत नसे. सही मागितली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, बाईमाणसाला हे शोभत नाही.

"सेरिना, काल तू फुलं लावलीस तेव्हा..." मावशीने सुरुवात केली.

"तिला कशाला विचारतेस?" शेठ मध्ये पडले. "मला विचार. सेरिना, तू आत जा, पीठ फुगून खाली येईल."

"पीठ फुगून झालंय, एलिअस," सेरिनाबाई हळूच म्हणाल्या, पण जायला निघाल्या.

"थांब गं," मावशीने खिशातून चिठ्ठी काढली. "मला सामान हवंय. मी लिहून आणलंय."

सेरिनाबाईंनी चिठ्ठी घेतली, डोळ्यांपासून लांब धरली, मग गळ्यातला चष्मा चाचपला आणि म्हणाल्या, "या चष्म्याने आजकाल धड दिसत नाही. एलिअस, बघ रे जरा." शेठनी चिठ्ठी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

"चिकोरी ताजी आहे का?" मावशीने विचारलं.

सेरिनाबाईंनी वरच्या फळीवरची पुडी हातभर अंतरावरून पाहिली आणि म्हणाल्या, "आहे की. 'बर्गेन येथे भाजून भरली, जुलै एकोणीसशे पाच.' गेल्याच महिन्याची." पुडीवरची ती ओळ मुंगीएवढ्या छापील अक्षरांत होती.

मावशीने पुडी घेतली, दोघांना नमस्कार केला, आणि बाहेर आल्यावर माझा दंड घट्ट धरला.

"मारेन, चोर सापडला."

"कोण?"

"तू टपाल सांभाळतेस. सांग, सेरिनाला अमेरिकेहून बहिणीची पत्रं येतात. उत्तरं कुणाच्या हातची जातात?"

अठरा वर्षं मी ती उत्तरं शिक्के मारून पाठवली होती. प्रत्येक पाकिटावरचं अक्षर ब्रेक्केशेठचं होतं.

५

आम्ही मासे वाळत घातलेल्या काठ्यांच्या आडोशाला बसलो. साडेदहा वाजून गेले होते.

"नीट बघ," मावशी म्हणाली. "डब्यातून हाताने लिहिलेला प्रत्येक कागद गेला. छापील प्रत्येक कागद राहिला. म्हणजे चोराला छापील वाचता येतं. पत्रक काय, गाणी काय, हे त्याला कळलं, म्हणून ते ठेवलं. पण हाताने लिहिलेल्यात याद्या कुठल्या आणि मुरंबा कुठला, हे त्याला घाईत कळेना. म्हणून सगळंच उचललं."

"पण छापील येतं आणि लिहिलेलं येत नाही, असं कसं?"

"कारण तू अडतीस वर्षांची आहेस आणि मी चौसष्टची. आमच्या वेळी मुलींना प्रार्थनेचं पुस्तक वाचता आलं की शाळा संपली. लिहिणं मुलग्यांसाठी, तेही बापाने मनावर घेतलं तर. मी स्वतः चोवीसाव्या वर्षी सुईणीच्या शिक्षणाला गेले तेव्हा पहिल्यांदा टाक धरला. नसते गेले तर मीही आज चष्माच चाचपत बसले असते."

मला रविवारच्या चर्चमधल्या सेरिनाबाई आठवल्या. मांडीवर बारीक टायपाचं स्तोत्रांचं पुस्तक, चष्मा साखळीला लोंबतोय, आणि त्या सगळ्यांत खणखणीत गातायत.

"पण याद्या नष्टच करायच्या असत्या तर..."

"नष्ट करायच्या असत्या तर डबाच समुद्रात गेला असता. कागद निवडत बसायचं कारण काय?" मावशी उठली. "चल, मागच्या दाराने. तू शेठला पुढे गुंतवून ठेव. हे दोन बायकांचं बोलणं आहे."

मी दुकानात गेले आणि शेठना एका पार्सलाच्या पत्त्याबद्दल इतकं विचारलं, इतकं विचारलं, की त्यांनी शेवटी पेनच टेबलावर आपटलं. तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला. शेठ मला बाजूला सारून स्वयंपाकघरात धावले, आणि त्यांच्या मागे मी.

पीठ मळायच्या फळीवर नऊ याद्या पसरल्या होत्या. शेजारी मुरंब्याची कृती, नीट सरळ केलेली. एका यादीवर तळहाताएवढा शाईचा डाग, आणि त्यावर शाई शोषायला टाकलेला मिठाचा ढीग. आणि डागाच्या कडेला, मोठ्या, ताठ, एकेक करून उभ्या केलेल्या अक्षरांत लिहिलेलं होतं, "सेरि".

पुढे डागच.

"पंधरा दिवस पिठात बोटाने गिरवत होते," सेरिनाबाई मावशीला सांगत होत्या. "बहिणीच्या पाकिटांवर माझं नाव असतं ना, ते समोर ठेवून. मला वाटलं, चारचौघांत हात थरथरला तर? म्हणून घरी आणल्या. टोपलीत, फुलांच्या जागी. सही करून सकाळी शाळेचं दार उघडताच परत ठेवणार होते. आणि अर्ध्यातच दौत लवंडली. हात लावायला गेले तर पसरतच गेली." त्यांनी डोळे पुसले. "मी सगळ्यांची वाट लावली, ओलाउग. डागाखाली तीन नावं आहेत. कुणाची, तेही मला वाचता येत नाही."

मावशीने यादी उजेडात धरली. "गुरिनाचं. मारेनचं. आणि माझं."

"अरे देवा!"

"बरं झालं. माझं अक्षर कोंबडी नाचल्यासारखं आलं होतं. आता नीट काढीन."

तेव्हा कुठे सेरिनाबाईंचं लक्ष दाराकडे गेलं. ब्रेक्केशेठ उंबऱ्यात उभे होते. टोपी हातात. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज हळू निघाला.

"सेरिना."

"तुला आता कळलंच," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं लपवलं. मला लिहिता येत नाही, एलिअस."

"मला ठाऊक आहे."

"केव्हापासून?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. तू मला जेवणाचा निरोप लिहून ठेवायच्या ऐवजी टेबलावर मासा ठेवून गेलीस."

"आणि बोलला नाहीस?"

"तू म्हणालीस चष्मा लागतो. मी बर्गेनहून चष्मा आणून दिला." शेठ घुटमळले. "साध्या काचेचा."

सेरिनाबाईंनी गळ्यातला चष्मा हातात घेतला. "साध्या काचेचा आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं! मला वाटलं, दुकानदाराने तुला फसवलं. तुला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही!"

मग आधी त्या हसल्या, मग ते, आणि मग मावशी अशी हसली की फळीवरचं मीठ उडालं.

"म्हणजे यादी उंबऱ्याच्या आत नको म्हणालास..." मावशीने डोळे पुसत विचारलं.

"गल्ल्यावर कागद असता तर दिवसभर प्रत्येक बाई तिला म्हणाली असती, शेठाणीबाई, आधी तुम्ही करा. काय सांगितलं असतं तिने?" शेठनी टोपी चुरगाळली. "मी म्हटलं, लोक मलाच शिव्या देऊ देत. मला सवय आहे."

६

बारा वाजता शाळेत आम्ही जमलो. दाग्नीबाईंनी याद्या छातीशी धरल्या, मग सेरिनाबाईंना धरलं, आणि दोन्ही सोडायला तयार होईनात. मग त्यांनी नवा कागद आखला, दहावा. गुरिनाने सही केली आणि दौत तोबियासकाकांनी धरली होती. मी केली. मावशीने केली, आणि तीही कोंबडी नाचल्यासारखीच आली.

मग सेरिनाबाई पुढे झाल्या. खोलीत तीसएक बायका होत्या. त्यांनी टाक हातात घेतला आणि आधी मागे वळल्या.

"मला लिहिता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "एवढंच एक नाव शिकलेय. म्हणून मी नाही म्हणाले होते. शोभतबिभत काही नाही."

टाक कुरकुरत राहिला. या वेळी दाग्नीबाईंनी दौत घट्ट धरली होती. पूर्ण नाव झालं, आडनावासकट.

तेव्हा मागच्या बाकावरून माल्फ्रिद उठली. वय एक्याऐंशी. सही मागितली तेव्हा तिचे हात कणकेने भरलेले होते. तिच्यामागे मार्गित उठली, जिचा नातू तेव्हा रडत होता. मग आणखी एक, आणखी एक. मावशी माझ्या कानाशी लागली, "मोज. तेरा नकारांतले किती चष्मे निघतात बघू."

सात निघाले.

दाग्नीबाईंनी फळ्यावर सातही जणींची नावं हातभर मोठ्या अक्षरांत लिहिली. म्हाताऱ्या पाट्या घेऊन पोरांच्या बाकांत बसल्या, गुडघे हनुवटीला टेकलेले, आणि गिरवू लागल्या. "माझं नाव एवढं लांब?" माल्फ्रिद ओरडली. "बापाला सांगायला हवं होतं, जरा आखूड ठेव म्हणून!" मार्गितने शेजारणीचं बघून लिहिलं आणि शेजारणीचंच नाव लिहून बसली. मागे उभ्या असलेल्या बायकांची हसता हसता पुरेवाट झाली.

पावणेदोनला बोटीची शिट्टी वाजली. फक्त तिघींच्या सह्या झाल्या होत्या.

"थांबणार नाही ती!" दाग्नीबाई रडकुंडीला आल्या. "कप्तान पाच मिनिटंही थांबत नाही."

दारात उभे असलेले ब्रेक्केशेठ टोपी घालत म्हणाले, "निशाण कुणाच्या हातात आहे?" आणि बंदराकडे पळाले. त्यांना पळताना मी आयुष्यात तेव्हाच पाहिलं.

लाल निशाण पावणेतीनपर्यंत खांबावर होतं. कप्तान धक्क्यावर उतरून ओरडत होता, आणि शेठ त्याला एकेक पेटी, एकेक पिंप पुन्हा पुन्हा मोजून दाखवत होते. "नियम म्हणजे नियम, कप्तानसाहेब! हे पिंप मोजलं की झालंच." शेवटी आम्ही सगळ्या उतारावरून खाली आलो. पुढे दाग्नीबाई पाकीट डोक्यावर धरून, मागे सात म्हाताऱ्या शाईच्या बोटांनी, आणि त्यांच्या मागे अख्खं बेट.

"हे काय, वरात आहे का?" कप्तानाने विचारलं.

"दोनशे वीस बायका आहेत," दाग्नीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता पूर्वीसारखा झाला होता, समोरच्या बेटावर मेंढरांनी मान वर केली असणार. "दोनशे वीस, आणि एकही गाळायची नाही."

मी टपालाची पिशवी बोटीवर चढवत होते, तेव्हा वरून कुणीतरी हाक मारली. बोटीवरची स्वयंपाकीण कठड्यावर ओणवी झाली होती. भुवयांपर्यंत पीठ आणि हातात डाव.

"त्या सह्या आहेत ना? वर्तमानपत्रातल्या?"

"हो."

"मला कुणी विचारलंच नाही!" तिच्या आवाजात खरंच दुखावलेपण होतं. "बावीस वर्षं मी या बोटीवर आहे. प्रत्येक गावात सह्या चालल्यात, आणि प्रत्येक गावात मी नुसती धक्क्याला लागते आणि निघते."

दाग्नीबाईंनी पाकीट उघडलं. कप्तानाने डोक्याला हात लावला. सेरिनाबाईंनी दौत वर दिली, ब्रेक्केशेठनी कठड्यावर आपली वही ठेवून कागदाला टेकू दिला, आणि स्वयंपाकिणीने डाव काखोटीला मारून सही केली. मग ती थबकली.

"पुढे राहण्याचं ठिकाण लिहायचंय. मी काय लिहू? मी कुठल्याच गावची नाही."

तेव्हा माल्फ्रिद, जिने तासाभरापूर्वी आयुष्यात पहिल्यांदा टाक धरला होता, ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "समुद्र लिही की गं. तेवढं तर मला लिहिता येत नसूनही कळतं."

स्वयंपाकिणीने मोठ्या अक्षरांत लिहिलं, "समुद्र." ब्रेक्केशेठनी निशाण उतरवलं. बोट धक्क्यापासून सुटली, आणि पलीकडच्या बेटांवरच्या बायका ती उशिरा का येतेय म्हणून किनाऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. स्वयंपाकीण त्यांच्याकडे बघून डाव हलवत ओरडत होती, कुणी राहिलंय का, कुणी राहिलंय का.